प्लायमाउथसाठी लावलेला कौल

राजारामपुरीच्या सातव्या गल्लीत करंबेळकर डॉक्टरांची मोतिया रंगाची प्लायमाउथ उभी असायची आणि तिच्याशेजारी, खांद्यावर फडकं टाकून, ड्रायव्हर आकाराम. गल्ली तिला डॉक्टरांची गाडी म्हणायची. आकारामला ते मनातून पटत नसे. डॉक्टर गाडीत झोपायचे, पेपर वाचायचे, फार तर पेशंटनं दिलेल्या शेंगा सोलून टरफलं खाली टाकायचे. तिचं दुखलंखुपलं त्यांना काय ठाऊक! इंजिन चालू आहे की बंद हे शेजारी उभ्या माणसालाही कळू नये, ही आकारामची मिजास होती. आल्यागेल्याला तो मुद्दाम थांबवायचा. "पावणं, सांगा बघू, चालू हाय का बंद?" पाहुणा चुकला की स्वारी दिवसभर खूश.

ड्रायव्हरनं एवढी मिजास करावी का, असं कुणी विचारील. खुशाल करावी. ज्याला आयुष्यात एक काम धड येतं त्यानं ती केली नाही तर कुणी करायची?

एकाहत्तर साली डॉक्टर गेले. मागं राहिल्या त्यांच्या पत्नी माई, स्वयंपाकाची चिमणाबाई, गाडी आणि आकाराम. माई विहिरीच्या पायरीवरून पडल्या होत्या, तेव्हापासून त्यांच्या कंबरेचा मणका दुखावलेला. एसटीचं नाव काढायचं नाही, रिक्षाचंही नाही. बाहेरचं जग त्यांना दिसायचं ते फक्त प्लायमाउथच्या मागच्या सीटवरून. रविवारी रंकाळा तलाव आणि महिन्यातून एकदा कागलला थोरल्या बहिणीकडं, अक्कांकडं. कागलच्या रस्त्यावरचा खड्डा न् खड्डा आकारामला पाठ होता. कुठला उजवीकडून घ्यायचा, कुठल्यापाशी गाडी नुसती सरपटू द्यायची, हे त्याच्या हातांना माहीत होतं. माई कागलला उतरल्या की अक्का म्हणायच्या, "पालखीतनं आलीस जणू."

मग चौऱ्याहत्तर साल उजाडलं. अरबांनी तेल आवळलं, पेट्रोलचे भाव भडकले, आणि प्लायमाउथ तर पहिल्यापासूनच पिण्यात पटाईत. पुण्याहून माईंच्या मुलाचं, बंडूचं, पत्र आलं. माईंनी ते आकारामला वाचून दाखवलं. 'उद्यमनगरात जुन्या गाड्यांना डिझेल इंजिन बसवून देतात. तसं करून घे, नाहीतर सरळ विकून टाक. हा पांढरा हत्ती आता पोसवत नाही.'

आकारामनं उद्यमनगरात ज्ञानू मिस्त्रीला विचारलं. मिस्त्री तोंडदेखलं बोलणारा गडी नव्हता. "बसीवतो की! पर ही बाई नाजूक हाय. डिझेल धडाडतंय. समदा सांगाडा हालंल. मग मला शिव्या द्यायच्या न्हाईत."

घरी येऊन आकाराम गाडीवर फडकं फिरवत राहिला. डिझेल बसवायचं म्हणजे तिचा जीव काढून दुसऱ्याचा घालायचा. न बसवावं तर बंडू ती विकणार. वयाची बावन्न वर्षं झालेली, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, आणि सकाळी उठून जिच्या अंगावरनं हात फिरवावा अशी ही एकच वस्तू उरलेली. त्याला जेवण गोड लागेना.

माईंनाही सुचेना. शेवटी त्या म्हणाल्या, "तुझ्या गावच्या भावेश्वरीला कौल लाव. इंजिन बदलू का, एवढंच विचार. ती सांगेल ते मला मान्य."

आकारामचं गाव गारगोटीच्या पलीकडं डोंगरात. तिकडं विहीर खणायची असो की सोयरीक जुळवायची असो, देवीला विचारल्याशिवाय पान हलत नाही. गुरव पिराजीनं देवीच्या अंगाला पाणी लावून दोन्ही बाजूंना कळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "आई, गाडीचं इंजान बदलायचं असंल तर उजवा दे, न्हाईतर डावा दे." आकाराम हात जोडून बसला. बऱ्याच वेळानं कळी पडली. डावी.

"परत लाव," आकाराम म्हणाला.

पिराजीनं कपाळाला आठ्या घातल्या, पण लावला. पुन्हा डावीच.

"आई नगं म्हणत्या बाबा," पिराजी म्हणाला. "तिसऱ्यांदा इचारायचं नसतंय."

परतीच्या एसटीत आकाराम खिडकीला डोकं टेकून बसला. देवी नको म्हणते, म्हणजे गाडी विकली जाणार. कुणी तरी तिला लग्नाच्या वराती ओढायला लावील, नाहीतर भंगारवाला कापून नेईल. त्याच्यानं ते सोसवेना. घरी पोचल्यावर माईंनी दारातच विचारलं आणि त्याच्या तोंडून शब्द बाहेर पडला, "उजवा दिला, माई."

माईंनी दारातल्या गाडीकडं एकदा बघितलं. मग "बरं" म्हणाल्या. देवीच्या नावानं खोटं बोलायला माणूस किती घाबरायला हवा! आकाराम तेवढा घाबरला होता.

ज्ञानूनं आठ दिवसांत काम उरकलं. जुनं इंजिन साखळीला लटकत बाहेर आलं तेव्हा आकाराम पाठ करून उभा राहिला. लोखंड वितळवून बीड ओतणाऱ्या फौंड्रीचा माणूस हातगाडी घेऊन आलाच होता. पंपाचे भाग ओतायला असलं जुनं बीड फार चांगलं, असं तो कौतुकानं सांगत होता. 

नवं इंजिन चालू झालं आणि सातव्या गल्लीतली कुत्री उठून भुंकू लागली. काचा थरथरल्या, दारं खुळखुळली, स्टिअरिंग धरून आकारामच्या हातांना मुंग्या आल्या. चालू की बंद हे विचारायची सोयच उरली नाही. त्यानं मनाची समजूत घातली. कशी का असेना, गाडी दारात आहे.

पहिल्याच महिन्यात माई कागलला जाऊन आल्या. घरी पोचल्यावरही बराच वेळ सीटवर तशाच बसून राहिल्या. "पायाला रग लागलीय जरा," म्हणाल्या. पुढच्या रविवारी रंकाळ्याला जाताना त्यांनी पाठीशी दोन उशा घेतल्या. त्यानंतरच्या महिन्यात अक्कांकडं जायचं राहिलंच. अक्कांना पत्र गेलं, की सध्या सवड नाही.

सवड नाही! दिवसभर खिडकीत बसणाऱ्या बाईला सवड नाही! आकारामला शंका आली, पण विचारायचा धीर झाला नाही. शेवटी चिमणाबाईनंच त्याला परसात गाठलं.

"तुला सांगू नगं म्हणल्यात. गाडीतनं आल्या की दोन-दोन दीस पाठ शेकाय लागत्या. कूस बदलताना कण्हत्यात. मी म्हणलं, गाडी बदला. तर म्हणत्यात, देवीनं कौल दिलाय, आता सोसायचं. आणि आकारामला कळलं तर त्याला वाईट वाटंल."

आकारामला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. ती बाई देवीचा शब्द म्हणून दुखणं गिळत होती, आणि तो शब्द देवीचा नव्हता. त्याचा होता.

रविवारी दुपारी माई शाल पांघरून, काठी टेकत बाहेर आल्या. गाडी दारात धडधडत होती. त्यांनी मागचं दार उघडलं तसं आकारामनं इंजिन बंद केलं आणि तो खाली उतरला.

"माई, भावेश्वरीनं डावा दिलता. दोनदा. मी तुमास्नी उजवा सांगिटला."

माईंचा हात दारावरच राहिला. "का रे?"

"देवी नगं म्हणली असं सांगिटलं असतं तर बंडूदादांनी गाडी इकली असती."

माई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"अरे, विकायची कुणाला होती? यांची गाडी मी विकेन असं वाटलं तुला? बंडूला नाही म्हणायला मला काहीतरी आधार हवा होता. त्यासाठीच पाठवलं तुला. देवी नको म्हणाली असती, तर त्याला कळवलं असतं, की देवीचा हुकूम आहे, गाडीला हात लावायचा नाही. महिन्यातनं एकदा काढली असती आपण. पुरलं असतं मला."

 एवढी वर्षं एका गाडीत बसलेली दोन माणसं! पण त्यानं कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही.

"जुनं इंजिन परत मिळेल?"

"वितळलं, माई."

माईंनी डोळे मिटून घेतले. मग त्याचा चेहरा बघवेना म्हणून की काय, त्यांनी हळूच विचारलं, "मी पुढं बसले तर जरा कमी हलेल का?"

व्हय म्हणायला तो अगदी तयार होता. व्हय म्हटलं असतं तर त्या बसल्याही असत्या, आणि सगळं मुकाट सोसलंही असतं.

"न्हाय माई," आकाराम म्हणाला. "पुढं जास्ती हालतंय."

माईंनी मान हलवली. गाडीचं दार लोटून घेतलं आणि काठी टेकत, एकेक पायरी चढत, त्या घरात गेल्या.