कुत्र्यानं अंग झाडलं

त्या दिवशी आबांना मोबाईलवर सिनेमा दाखवायची अवदसा मला कुठून आठवली, देव जाणे. रविवार होता, कंपनीला सुट्टी होती आणि माझे वडील, म्हणजे आबा, ओट्यावर बसून बोकडाशी गप्पा मारत होते. म्हटलं, घटकाभर माणसांत येतील.

सिनेमा परदेशातला. एक म्हातारा, बायको वारलेली, घराला कुलूप लावतो आणि आपलं कुत्रं घेऊन देशाच्या पार दुसऱ्या टोकाला समुद्र बघायला निघतो. एवढीच गोष्ट. भाषा कळत नव्हती, मी खालची इंग्रजी अक्षरं वाचून सांगत होतो. पण आबा गप बघतील तर शपथ!

"ह्याचा नवस कशाचा व्हता?"

"नवस नाही हो आबा. फिरायला चाललाय तो."

"येवढ्या लांब? जनावर घिऊन? उगं कोण जातंय व्हय!"

मी कपाळावर हात मारला. पण त्यांच्या डोक्यात कुठला म्हातारा आणि कुठलं जनावर होतं ते मला ठाऊक होतं. सणसवाडीहून शिफ्ट करून येताना एका ट्रकनं मला मागून उडवलं होतं. उजव्या पायात रॉड बसला. पाय पहिल्यासारखा होईल का, हे डॉक्टर छातीठोक सांगेनात. तेव्हा आबा दवाखान्याच्या दारात उभं राहून देवीला म्हणाले होते, "पोरगा पायावर हुबा ऱ्हाऊ दे, बोकड देतो तुला."

मी उभा राहिलो. कामावरही जायला लागलो. आबांनी शिरूरच्या बाजारातून काळं करडू आणलं आणि जरा अंगानं भरू दे म्हणाले. ते भरलं, पार दांडगा बोकड झाला, तरी आबांचं आपलं एकच. पाऊस उघडू द्या. ऊस जाऊ द्या. कांदा निघू द्या. बोकड त्यांच्या ताटातली भाकरी खायचा, त्यांच्या बाजेखाली झोपायचा. आई जिवाला घोर लावून बसली होती. मला साधी ठेच लागली तरी ती बोकडाकडं बघायची आणि म्हणायची, "अवो, नवस फेडा. देवीचं ठेवून घिऊ नये. पोराच्या पायाचा सवाल हाय."

तर सिनेमा. म्हातारा आणि कुत्रं एकदाचे समुद्रावर पोचले. कुत्रं पाण्यात शिरलं, भिजून बाहेर आलं, आणि त्यानं अंग झाडलं. आबांनी पटकन मोबाईल पालथा घातला.

"घेतलं," म्हणाले.

आमच्या देवीच्या ठाण्यावर बोकडाला सरळ कापत नाहीत. आधी त्याच्या अंगावर पाणी ओततात आणि हात जोडून थांबतात. बोकडानं अंग झाडलं की देवीनं कौल दिला, बोकड घेतला. झाडलं नाही तर सुरी लागत नाही. पण शेळ्यामेंढ्यांना पाण्याचा एवढा तिटकारा की झाडलं नाही असं कुणी बघितलेलं नव्हतं.

"आबा, ते कुत्रं आहे! ओलं झालं म्हणून अंग झटकतंय!"

"त्येच म्हणतोय मी," आबा म्हणाले आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत उठले. आता ह्या माणसापुढं काय डोकं फोडायचं? पुढं ते दोघं वाळूत बसून पाव खातात हे मी त्यांच्या मागं फिरून सांगितलं. त्यांनी ऐकलंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून नवीनच ताप सुरू झाला. सकाळी उठायचं आणि बोकडाला आंघोळ. बोअरचं गार पाणी, तांब्यानं, डोक्यावर आणि पाठीवर. बोकड बोंबलायचा, उड्या मारायचा, अंग झाडून ओटा चिखल करून ठेवायचा. आबा त्याच्या पाठीवर हात ठेवून "न्हाई रं राजा, न्हाई रं" करायचे आणि आपल्या उपरण्यानं त्याला पुसायचे. आई तर कातावलीच. "जल्मात कवा माझ्यासाठी बंब पेटवला न्हाई, आन् बोकडाला रोज आंघूळ!"

मी म्हटलं, म्हातारपण आलं, करू दे. थंडी गेली, उन्हाळा आला, आणि एक दिवस आबा स्वतःहून म्हणाले, "येत्या मंगळवारी जाऊ." आईनं सुटकेचा श्वास टाकला. पाहुण्यांना फोन गेले, मसाला वाटून झाला.

ठाणं दौंडच्या अंगाला, भीमेच्या काठावर. पिकअप सांगितली. मी म्हटलं, आबा, पुढं बसा, ऊन आहे. तर म्हणतात कसे, "सिनेमातला त्यो म्हातारा बसला व्हता का कुत्र्याला सोडून?" आणि चढले मागं, बोकडाशेजारी. वाटेत चौफुल्याला चहाला थांबलो तेव्हा अर्धा चहा बशीत ओतून बोकडाला. लोक हसत होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ठाण्यावर पाहुणे चुली पेटवून तयार. पुजाऱ्यानं बोकडाला कुंकू लावलं, पाणी ओतलं. सगळ्यांनी हात जोडले.

बोकड उभा.

पुन्हा पाणी ओतलं. पुजाऱ्यानं कानात फुंकर मारली, मामांनी अख्खी कळशी पालथी केली. बोकडाच्या दाढीवरून पाणी गळतंय आणि तो शांत, रवंथ करतोय. मग तो हळूच वळला, आबांपाशी गेला आणि ओलं डोकं त्यांच्या पोटाला लावून उभा राहिला, पुसून घ्यायला. आबांचा हात सवयीनं उपरण्याकडं गेला आणि मधेच थांबला.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आईकडं बघितलं, तिच्याही पडला होता. ती आ वासून आबांकडं बघत राहिली.

"देवीला नगं हाय," पुजारी म्हणाला. "नारळ फोडा आन् न्या घरी." मग बोकडाच्या मसाल्यात बटाटे पडले. पाहुणे ताटावरनं उठेपर्यंत फुगून होते.

परतताना मी मुद्दाम मागं चढलो. माझं टाळकं सटकलं होतं. "आबा, देवीला फसवलंत तुम्ही!"

"तिच्या मनात असतं तर झाडलं नसतं व्हय त्यानं?" ते म्हणाले. पण माझ्याकडं बघेनात. भीमेचा पूल आला तशी त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पाय दुखतोय का रं?"

"नाही."

"खरं सांग."

"नाही दुखत, आबा."

तेव्हापासून हेच. रोज सकाळी बोकडाला पुसून झालं की ते विचारतात आणि उत्तर येईपर्यंत श्वास रोखून बसतात. आता रॉड घातलेला पाय, थंडीत ठणकणारच की हो! पण दुखतोय म्हणायची सोय राहिलेली नाही. म्हटलं, तर हा माणूस त्याच पावली बोकडाची दोरी सोडेल आणि दौंडची वाट धरेल.

काल पायरी उतरताना अशी कळ गेली की डोळ्यापुढं अंधारी आली. आबा समोरच बसले होते, तांब्या हातात, बघत.

"न्हाई दुखत," मी त्यांनी विचारायच्या आतच खेकसलो, आणि बोकडासाठी आणलेली हिरव्या घासाची पेंढी उचलून त्याच पायावर चालत गेलो.