डोंगर दिसते का, भाऊ?

सकाळी सहाला देवाजीभाऊंचा नंबर फोनवर उमटला आणि मी नेहमीसारखं हॅलोसुद्धा न म्हणता विचारलं, "डोंगर दिसते का, भाऊ?" पलीकडून त्यांच्या मुलीचा, सुगंधाचा आवाज आला. "दिसून राह्यला, बाई... पण बाबा गेले." त्याला आता दीड महिना झाला. बाप गेलेल्या पोरीला मी आधी हवामान विचारलं, याची लाज अजून जात नाही.

मी हेलिकॉप्टर चालवते. नागपूरहून गडचिरोलीच्या जंगलातल्या गावी जाऊन आजारी माणसांना मोठ्या दवाखान्यात आणायचं, हे काम. लोकांना वाटतं यात फार धाडस लागतं. खरं तर लागतो तो गृहपाठ. ढग किती खाली आहेत, वारा कुठून आहे, दुपारी जमीन तापल्यावर हेलकावे कुठे बसतील, तिथे उतरता आलं नाही तर दुसरीकडे कुठे उतरायचं आणि त्यासाठी इंधन किती जास्त घ्यायचं, हे सगळं मी आदल्या संध्याकाळी कागदावर मांडते. वैनगंगेचं एक वळण ठरवून ठेवलंय. तिथून पुढचा मुलूख दिसला नाही की मागे फिरायचं, वाद नाही. पण धानोऱ्याकडच्या त्या एका टेकडीवर ढग बसलाय की नाही, हे उपग्रहाच्या चित्रात कळत नाही. ते देवाजीभाऊंना कळायचं. ते तिथल्या हेलिपॅडचे रोजंदारीवरचे राखणदार. एरवी मोहफुलं वेचायचे, तेंदूपत्ता तोडायचे. मी यायच्या आधी मुरुमावर पाणी शिंपडायचे, गुरं हाकलायचे. मोहाखालचा पाला पेटवला की धूर कुठे सरकतो, त्यावरून वारा सांगायचे. सुरुवातीला मी शहाणपणा करून म्हणाले होते, "भाऊ, माझ्याकडे यंत्र आहे." "असू द्या न, बाई," ते म्हणाले, "यंत्राले तिथून धूर दिसते का?"

एका पावसाळ्यात तिथून निरोप आला, साप चावलेली बाई आहे, लवकर या. मी कागद घेऊन तयार होते. फोन लावला, नेहमीचा प्रश्न विचारला. "नाई दिसत, बाई. ढग पार मोहाच्या शेंड्यावर टेकला. येऊ नका." मी विचारलं, पेशंट कशी आहे? "आहे... पण तुमी येऊ नका." तासाभराने पुन्हा विचारलं, तेच उत्तर. त्या बाईला रस्त्याने नेलं. नाल्याला पूर होता. अलीकडच्या काठावरच ती गेली.

आठवड्याने मी उतरले तेव्हा भाऊ पाणी शिंपडतच उभे होते. आरोग्य केंद्रातली नर्स हळूच म्हणाली, "मॅडम, ती यांचीच घरवाली होती." मी त्यांच्यावर चक्क ओरडले, "काऊन नाही सांगितलं मला?" त्यांनी बादली खाली ठेवली. "सांगतलं असतं तं तुमी आल्या असत्या."

आले असते. माझ्यासोबत दोन माणसं होती, त्यांनाही घेऊन त्या ढगात शिरले असते. भाऊंना ते माझ्यापेक्षा आधी कळलं होतं. त्या सकाळी 'डोंगर दिसते' एवढंसं खोटं बोलले असते, तर कदाचित... हा 'कदाचित' त्यांनी मला कधी ऐकवला नाही. मला मात्र तो सोडत नाही.

पुढे तिथला विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, फाटून गेला. भाऊ त्याला 'बाही' म्हणायचे. ऑफिसकडून नवा येईना. पुढच्या खेपेला वरून पाहते तर खांबावर नारिंगी फुलाफुलांची बाही! उतरल्या उतरल्या मी चिडवलं, "काय भाऊ, फॅशन?" ते हसले. "तिचं लुगडं आहे, बाई. हलकं आहे. जरासक वारा आला तरी सांगते."

परवा भाऊंच्या जाण्यानंतर पहिल्यांदा तिथे गेले. सहाचा फोन आता सुगंधा करते. नारिंगी रंग उडून कापड पिवळट झालंय, कडेचे टाके उसवलेत. मंजूर होऊन आलेला नवा विंडसॉक मी सोबत नेला होता. तो तिच्या हातात दिला. तिने घडी न उलगडताच खांबाकडे पाहिलं.

"राहू द्या, बाई," ती म्हणाली. "आईचं अजून हलून राह्यलं."

मी नवा विंडसॉक परत सीटखाली ठेवला.