अण्णांनी वाचलेले दोन शब्द

ती दुपार अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. खिडक्यांवर जाड पडदे ओढलेले, पंखे मंद फिरत असलेले, आणि साठ-सत्तर माणसांच्या चेहऱ्यांवर एका कॉम्प्युटरचा निळा उजेड. आपण सगळे तळ्याच्या तळाशी बसलो आहोत, असे मला वाटले होते. तुम्ही दोघांनी फोनवर विचारले होते, "आजी, तू खरंच चोर पकडायचीस का?" पकडायची. पण हा चोर होता की नाही, ते वाचून तुम्हीच ठरवा. नावे कुणाचीच सांगणार नाही.

दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. कोल्हापुरात मी सहायक पोलीस निरीक्षक होते. ठाण्यात कॉम्प्युटर नुकताच आला होता आणि धूळ बसू नये म्हणून त्यावर कापड घालून ठेवलेला असे. शनिवारी सकाळी हजेरी घेऊन बसले होते, तेवढ्यात जिल्ह्यातल्या कबनूर गावाहून एक वयस्कर बाई आल्या. जैन घरातल्या, पांढरे पातळ, हातात पिशवी. त्यांना सगळे आक्का म्हणत. त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे अण्णा, यंत्रमागाचा कारखाना चालवत होता. सोमवारी तो कारखाना विकून सगळे पैसे अण्णा एका संशोधकाला देणार होते. संशोधकाने म्हणे कॉम्प्युटरचे असे कुलूप शोधले होते, की जगात कुणालाही ते उघडता येणार नाही.

"कारखान्यावर तीन घरं जेवत्यात, बाई," आक्का म्हणाल्या. "आमचं, आन् दोघा कामगारांची. अण्णा कुणाचं ऐकत न्हाय. म्हंजे खरंच ऐकू येत न्हाय त्याला. मागाच्या खडखडाटानं कान गेल्यात."

मग बोलता कसे, असे मी विचारले. आक्कांना माझ्या अज्ञानाचे हसू आले. मागाच्या शेडमध्ये कुणालाच काही ऐकू येत नाही. तिथे सगळे ओठ बघून बोलतात. पन्नास फुटांवरच्या माणसाने चहा मागितला तरी अण्णांना कळते.

मी अर्ज लिहून घेतला आणि स्टेशन डायरीत नोंद केली. पण फसवणूक अजून झालेली नव्हती, आणि स्वप्न बघणे हा काही गुन्हा नाही. गुळाच्या दोन-तीन अडत्यांनी संशोधकाला आधीच थोडे पैसे दिल्याचे कळले होते. त्यांना विचारले तर ते उलट माझ्यावरच हसले. त्याच दुपारी एका मंगल कार्यालयात त्या कुलपाचे प्रात्यक्षिक होते. साधी साडी नेसून मी आक्कांबरोबर तिथे गेले.

संशोधक चाळिशीचा, सडपातळ, पांढरा शर्ट घातलेला. आवाज इतका मऊ की माणसे पुढे वाकून ऐकत. टेबलावर कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेली काळी पेटी, म्हणजेच ते कुलूप. त्याने इंग्रजीत छापलेले एक पत्रक वाटले. इंग्रजी शाळेत शिकल्याने मी ते शेवटपर्यंत वाचले. हे कुलूप कुणाकुणाला उघडता येणार नाही, याबद्दल चार पाने भरून मजकूर होता. ते चालते कसे, याबद्दल एक ओळही नव्हती.

मग दिवे मालवले, आणि अंधारातच संशोधक कुलपाबद्दल बोलू लागला. बेंगळूरहून आलेला एक तज्ज्ञ कुलूप उघडून दाखवायला पुढे बसला. कळफलकावर त्याची बोटे पावसासारखी पडत होती. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आकडे वाहत होते, आणि दर थोड्या वेळाने सगळे थांबून लाल अक्षरे उमटत होती. शेवटी त्याने हात वर केले. टाळ्या झाल्या. आपल्या लोकांना हरलेल्या पैलवानाचेही कौतुक असते, म्हणून कुणीतरी त्यालाही फेटा बांधला.

अण्णा माझ्या शेजारीच होते. मी आक्कांची मैत्रीण, एवढेच त्यांना माहीत. माझ्याकडे वळून ते कुजबुजले, पण बहिऱ्या माणसाची ती कुजबुज अर्ध्या खोलीला ऐकू गेली. "पावणं, बघितलासा? जल्मभर खडखडाट ऐकला. आता ज्याचा आवाजच होत न्हाय असा धंदा करायचा हाय मला."

मला त्यांची दया आली नाही, हेवा वाटला. त्या निळ्या उजेडात त्यांचा चेहरा लहान मुलासारखा दिसत होता. आणि तेव्हाच माझ्या लक्षात आले की या अंधारात अण्णांना कुणाचेही ओठ दिसत नाहीत. आक्का म्हणाल्या होत्या, संशोधकाला ते याच कार्यालयात, याच अंधारात भेटलेले. त्याचे बोलणे त्यांनी कधी ऐकलेच नव्हते. त्यांनी जे ऐकले ते स्वतःच्याच मनातले.

ठाण्यात परतले तेव्हा आमचे हवालदार चहा पीत बसले होते. शिवाजी पेठेतले, तरुणपणी तालमीतले, कान मोडलेले. चहाच्या वेळी ते रोज एकच कुस्ती सांगत, आणि ती जिंकलेली नव्हे, हरलेली. "डावा पाय आत घेतला आन् तिथंच चुकलो बगा मॅडम. त्यानं ढाक लावली." तीस वर्षे झाली होती त्या कुस्तीला. त्या दिवशी मात्र मी कप खाली ठेवला आणि त्यांना म्हणाले, फेटा बांधलेल्या त्या तज्ज्ञाला लॉजवरून घेऊन या.

तो आला. पंचविशीतला, घाबरलेला. मी त्याला चहा दिला आणि म्हणाले की गुन्ह्याचे सोड, तू हरलास कसा तेवढेच सांग. पहिल्यांदा काय करून पाहिलेस? कुठे अडलास?

"त्यांचं कुलूपच भारी आहे, मॅडम."

"ते पत्रकात लिहिलंय. तुझं सांग."

 हवालदारांना राहवले नाही. त्यांनी आपली सगळी कुस्ती पुन्हा सांगितली, डाव्या पायासकट, आणि विचारले, "आता तू सांग. तुझा पाय कुठं घसरला?"

मुलाने कप खाली ठेवला. हरलेल्या माणसाला एक ठुसठुस असते. ती याच्याजवळ नव्हती. शेवटी तो म्हणाला, "मला हरायलाच बोलावतात." तो बेंगळूरचा नव्हताच. शेजारच्या जिल्ह्यात टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवायचा, आणि गावोगावी असाच हरायचा. त्याचा जबाब घेतला. नुरा कुस्ती, म्हणजे आधीच ठरवून हरलेली, उघड झाली होती. हवालदारांना राग मात्र फेट्याचा आला होता. "फेटा परत घ्या त्याचा," एवढेच ते म्हणाले.

पण जबाब कागदावर होता आणि अण्णा कागद वाचून बदलणारे नव्हते. रविवारी सकाळी मी संशोधकाला पेटीसह चौकशीला बोलावले. आक्कांना सांगितले, अण्णांना घेऊन या आणि समोरच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसवा. माझ्या खोलीचे दार उघडे होते आणि सगळीकडे स्वच्छ ऊन पडले होते.

अभियांत्रिकी महाविद्यालयातले कॉम्प्युटरचे एक प्राध्यापक माझ्या विनंतीवरून शेजारच्या खोलीत येऊन बसले होते. मी संशोधकाला म्हणाले, "तुमच्याशी लढणारी जोड तुम्हीच ठरवलीत. आमच्याकडे कुस्तीच्या मैदानात जोड पंच ठरवतात. आज मी पंच. प्राध्यापकांना बसू द्या पेटीपुढे. ते हरले तर सगळ्यांसमोर मी तुम्हाला सॅल्यूट करीन."

तो रागावेल, वकील मागेल, अशी माझी अपेक्षा होती. त्याने पेटीवर नुसता हात ठेवला, झोपलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. पेटीच्या कडा बोटांनी झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. हा माणूस एकटा असताना तिच्याशी बोलत असणार, हे मला तेव्हा उमगले. त्याचे ओठ हलले, पण टेबलाच्या या बाजूला मला काही ऐकू आले नाही. पुन्हा बोला, असे मी म्हणाले. त्याने नकारार्थी मान हलवली.

व्हरांड्यातून अण्णा उठले. हळूहळू चालत दारापाशी आले. त्यांचा आवाज नेहमीसारखा मोठा, पण कापरा होता.

"मॅडम, तो म्हणाला, 'हरलं तर?'"

 संशोधकाने वर बघितले. आपला मनातला शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी तेवढे एकदाच पाहिले. अण्णा त्याच्याजवळ गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुलाच खात्री न्हाय व्हय रे बाळा?"

संशोधकाने पेटी उघडून दिली नाही. प्राध्यापक चहा पिऊन घरी गेले. मुलाच्या जबाबाची बातमी पसरल्यावर गुळाच्या एका अडत्याने फिर्याद दिली, आम्ही फसवणुकीचा गुन्हा नोंदवला, पेटीचा पंचनामा करून ती मुद्देमालात जमा केली. पुढे संशोधकाने अडत्यांचे पैसे परत केले आणि न्यायालयाच्या परवानगीने प्रकरण मिटले. पेटी परत न्यायला तो आला, तेव्हा त्याने येताना टॉवेल आणला होता. तिला गुंडाळून, छातीशी धरून तो एस.टी. स्टँडच्या दिशेने गेला. ते कुलूप खरोखर कुणाला उघडता आले असते का, हे मला आजही माहीत नाही. त्यालाही नसावे.

नोकरीत मला लबाड पुष्कळ भेटले आणि त्यांना ओळखणे सोपे गेले. अवघड असतात ती स्वतःच्या स्वप्नाला जपणारी माणसे. ती खोटे बोलतात ते स्वप्नाला धक्का लागू नये म्हणून, आणि ऐकणाऱ्याच्या मनात आधीच एक स्वप्न असेल तर त्यांना फार बोलावेही लागत नाही. तेव्हापासून कुणी मला म्हणाले की अमुक गोष्ट मोडणे अशक्य आहे, तर मी एकच विचारते: मोडायचा प्रयत्न कुणी केला, आणि त्याला कुणी बोलावले होते?

त्या सोमवारी अण्णा विक्रीच्या कागदावर सही करायला गेले नाहीत. काही आठवड्यांनी आक्कांनी मला कबनूरला जेवायला बोलावले, ऊन असतानाच, कारण सूर्य मावळल्यावर त्यांच्याकडे जेवत नाहीत. जेवणानंतर अण्णा मला शेडमध्ये घेऊन गेले. सगळे माग चालू होते. दोघे कामगार माझ्याशी काहीबाही बोलत होते आणि मला एक अक्षर कळत नव्हते. अण्णा मात्र मधे उभे राहून दोघांनाही उत्तर देत होते. इतक्या गोंगाटात इतका शांत माणूस मी पाहिला नव्हता.

पाळी संपली, माग थांबले. अण्णांनी शेडचे दार लावले आणि कडीला कुलूप घातले. मग दोन्ही हातांनी ते जोरात ओढून बघितले. पुन्हा एकदा ओढले. माझ्याकडे बघून ते हसले आणि म्हणाले, "मॅडम, आता तुम्ही वडा."

मी पण ओढले.

तुम्ही सुट्टीत येता तेव्हा, मी दाराचे कुलूप ओढून बघते म्हणून हसता. हसा. पण जायच्या आधी एकदा तुम्हीही ओढत जा.