मराठी न येणारी बानाबाई

शेंद्र्याच्या धनगरवाड्यात बानाबाईच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. ती विहिरीवर आली की बाकीच्या बायकांना ऐकण्यापलीकडे काम उरत नसे. नवरा गेल्यावर दिराच्या घरातला एक कोपरा तिने भांडूनच मिळवला होता. अशा बाईला देवाने पोटापाण्याचं काम काय नेमून द्यावं, तर महिनाभर मराठी येत नसल्याचं सोंग करायचं! देवालाही कधीकधी काम नसतं.

ते काम असं होतं. मुंबई-ठाण्याकडे बेने इस्राएल म्हणून मराठी ज्यू लोक आहेत. पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेले, घरात मराठीच बोलणारे. त्यांच्यातले राजपूरकर सर दर मे महिन्यात चाळीस पोरं घेऊन म्हैसमाळला येत आणि तिथलं एक ओस पडलेलं वसतिगृह भाड्याने घेत. पोरांना हिब्रू शिकवायची होती. फळा नाही, पुस्तक नाही. लेकरू आईची भाषा काय पाटी घेऊन शिकतं का, असं सर म्हणत. आवारात फक्त हिब्रू चालायची. पाणी हवं तर ‘मायिम’ म्हणायचं, नाहीतर तहानलेलं राहायचं. मोठ्या माणसांनी मराठी कळतच नाही असं वागायचं, हा पहिला नियम होता आणि तो चुलीलाही लागू होता.

बानाबाई तिथे सहा वर्षांपूर्वी भाकऱ्या थापायला म्हणून लागली. सरांनी तिच्याकडून तीसेक शब्द घोकून घेतले. ये, बस, खा, हात धू, पुरे, उद्या. शिवाय एक वाक्य, ‘लो योदाअत’, म्हणजे मला माहीत नाही. कुणी मराठीत काही विचारलं की तिने एवढंच म्हणायचं. नव्या पोरांना वाटे, ही बाई थेट इस्राएलहून आली आहे. कपाळावरचं गोंदण ही तिकडचीच रीत असणार, अशी त्यांची समजूत. थोरली पोरं मजा म्हणून गुपित पाळत. पहिला आठवडा बानाबाईलाही हसू येई. दुसऱ्या आठवड्यात छातीत कोंडायला लागे, मग ती मागच्या बाजूला जाऊन बाभळीशी दोन शिव्या बोलून येई. ती तिथे भाकऱ्या थापते एवढंच गावाला ठाऊक होतं. सोंगाचं तिने कुणाला, पोटच्या लेकीलाही, सांगितलं नव्हतं. लोकांनी तिला हसून बेजार केलं असतं.

तिची एकुलती लेक आक्का घाटाखालच्या वाडीत दिलेली होती. दोन वर्षांत मूल झालं नाही म्हणून नवऱ्याने दुसरी केली. मग आक्काच्या वाट्याला मेंढरं आली, शिळंपाकं आलं आणि मारही आला. तिला घरी आणू का, असं बानाबाईने दिराला विचारलं.

“लेक दिली ती दिली,” दीर म्हणाला. “माझ्या घरात जागा नाय.”

बोलण्यात कुणाला हार न जाणारी बाई तिथे गप्प झाली, कारण छप्पर दिराचं होतं.

आणीबाणी उठली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात सरांच्या संस्थेने ते वसतिगृह विकतच घेतलं. आता तिथे बारा महिने राखणीला माणूस लागणार होतं आणि मागची खोली त्या माणसाची होणार होती. कमिटीला मुंबईची बाई हवी होती. गावची बाई चुलीशी असली की पोरं तिथे जाऊन मराठी बोलतात, असं त्यांचं म्हणणं. सर म्हणाले, “एक दिवस येऊन बघा. तिच्या तोंडून मराठीचा एक शब्द निघाला तर तुमची बाई आणा. नाही निघाला तर खोली तिची.”

सरांनी हे बानाबाईला स्वयंपाकघराचं दार लावून, मराठीत सांगितलं. तिला खोली कुणासाठी हवी आहे हे त्यांना ठाऊक होतं.

“एकच दिवस तोंड सांभाळा, बानाबाई.”

“जीभ चुलीत घालते, सर. पण खोली द्या.”

ठरल्या दिवशी कमिटीची चार माणसं जीपने आली. दुपारी पंगत बसली. नारळाच्या रसातला बटाटा, भात आणि भाकरी असा बेत होता. कमिटीतल्या चष्मेवाल्या बाईंनी मुद्दाम, मधाळ मराठीत विचारलं, “काय हो बाई, मीठ जरा कमी झालंय का?”

“लो योदाअत,” बानाबाई म्हणाली, आणि चेहरा असा भोळा केला की थोरल्या पोरांना हसू आवरेना. सरांचाही जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात फाटकातून आक्का आत आली. पाय अनवाणी, डोळ्याखाली काळंनिळं, काखेत बोचकं. ती सरळ पंगतीपर्यंत आली.

“माय, आले मी. आता नाय जायची तिथं. ठिवून घे मला.”

चाळीस पोरं आणि चार पाहुणे बघत राहिले. ‘थांब’ एवढा एक शब्द पुरला असता. तो तिच्या तीस शब्दांत नव्हता. मराठीत म्हणावा तर खोली गेली, आणि खोली गेल्यावर लेकीला थांबवून ठेवायचं तरी कुठे? तिने डोळ्यांनी खुणावून पाहिलं. पण आक्काला आईची बडबड कळायची. आईच्या खुणा ओळखायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती.

“शेवी,” बानाबाई म्हणाली. बस. “तोखली.” खा. तिने पत्रावळीवर भात वाढला आणि ती पंगतीच्या कडेला, जमिनीवर लेकीपुढे ठेवली. “माखार,” असंही म्हणाली. उद्या.

“काय बोलतीस तू, माय? म्या हाय. आक्का.”

यंदाच आलेली एक चिमुरडी बानाबाईचं लुगडं ओढत म्हणाली, “मी झोत?” कोण ही?

चष्मेवाल्या बाई बानाबाईकडे बघत होत्या आणि सर आपल्या ताटात बघत होते. सर देवमाणूस, पण देवमाणसालाही कमिटी असते.

“लो योदाअत,” बानाबाई म्हणाली.

आक्काला शब्द कळले नाहीत, पण तोंड फिरवलेलं कुणालाही कळतं. भिकाऱ्याला वाढावं तशी पुढ्यात आलेली पत्रावळ तिने तशीच ठेवली आणि बोचकं सावरून ती फाटकाबाहेर गेली.

पाहुणे तीन वाजता निघाले. “अशी बाई ठाण्यातही मिळायची नाही,” असं म्हणून चष्मेवाल्या बाईंनी खोली पक्की केली. जीप वळली तशी बानाबाई घाटाच्या वळणापर्यंत धावत गेली. रस्त्यावर कुणी नव्हतं. संध्याकाळी चाळीस पोरांना जेवायला घालायचं होतं, म्हणून ती परत आली. काय रांधलं ते तिचं तिलाही आठवत नाही. सकाळी सरांनी न मागताच सुट्टी दिली आणि तिच्या नजरेला नजर मात्र दिली नाही.

वाडीवर पोचली तेव्हा आक्का गोठ्याशी शेण भरत होती. बानाबाईने दम न घेता सगळं ओतलं: शिबिर, सोंग, कमिटी, खोली.

“आपली खोली हाय, आक्के. तुझ्यासाठीच गप बसले म्या. चल, आत्ताच्या आत्ता.”

आक्काने सगळं ऐकून घेतलं. “मला वाटलं, त्या लोकांत तुला माझी लाज वाटली.”

“लाज कशाची गं!”

“व्हय. कळलं आता.” मग तिने शेणाची पाटी खाली ठेवली. “काल सांजच्याला परत आले तं सासू दारात घेईना. म्हनली, बिरोबाचा भंडारा उचल, मंगच आत ये. उचलला म्या. जित्तेपणी हे घर सोडनार नाय म्हनून.”

देवाच्या हळदीचा भंडारा उचलून घेतलेली शपथ धनगराच्या घरात मोडत नसतात. मोडली तर माहेर-सासर दोन्हींचं वाटोळं होतं, असं आक्का मानत होती. खोटं कशाला बोला, बानाबाईही मानत होती. सगळ्या गावाला गप्प करणारी ती बाई लेकीचा शेणाने भरलेला हात धरून नुसती रडली.

“कोन हाय गं तिथं?” आतून सासूची हाक आली.

आक्काने पाटी उचलून डोक्यावर घेतली आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “माय हाय माझी.”