रत्नाअक्कांची फरशी

आमच्या शेजारच्या रत्नाअक्का तापट आहेत, असं गल्लीत सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. त्यांच्या जागी मी असतो तर नगरपालिकेच्या दारात जाऊन डोकं फोडून घेतलं असतं.

धुळ्याहून जळगावला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे. हल्ली त्याला शहर म्हणायचं. शहर म्हटलं की फुटपाथ हवा, शेजारी सायकल ट्रॅकही हवा. झाला. तांबडा रंग मारला, पेढे वाटले. फक्त नाल्यापाशी तो तुटला. अलीकडचं काम एका ठेकेदाराचं, पलीकडचं दुसऱ्याचं आणि नाला कोणाच्याच बापाचा नाही. धडधाकट माणूस एका ढांगेत पलीकडे जातो.

अक्कांचे मालक लोटननाना ढांग टाकू शकत नाहीत. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहून हयात गेलेला हा माणूस, अर्धांगवायूनंतर वॉकर धरून चालतो. व्यायाम करून घेणारे डॉक्टर नाल्यापलीकडे. 'रोज स्वतः चालत या, नाहीतर पाय कायमचा जाईल,' असं त्यांनी बजावलेलं. म्हणून नाना नाल्यापाशी फुटपाथ सोडून हमरस्त्यावर उतरायचे. एकदा ट्रकच्या आरशाचा फटका बसून ते आडवे झाले. त्यानंतर अक्का पापड-बिबडे लाटायचं काम टाकून त्यांच्याबरोबर जाऊ लागल्या.

नगरपालिकेत खेटे घालून चपला झिजल्या. अलीकडचे साहेब पलीकडे बोट दाखवायचे, पलीकडचे अलीकडे. शेवटी अक्कांनीच एक जाड फरशी आणून नाल्यावर टाकली. नाना आरामात पलीकडे गेले. चार दिवसांत फरशी गायब! कोणाच्या तरी मोरीत धुणं धुवायला बसली असणार. अक्कांनी दुसरी आणली. तीही गेली.

तेव्हा अक्कांनी डोकं चालवलं. तिसऱ्या फरशीच्या कडेला शेंदराचं बोट ओढलं. देवाची वस्तू कोण चोरणार?

कोणीच चोरली नाही. पण शनिवारी कोणीतरी तेल वाहिलं. मग फुलं आली, उदबत्त्या आल्या. शेंदूर कडेवरून मध्यापर्यंत पसरला. समोरच्या उत्तमचंदशेठनी दुकानात नारळ ठेवायला सुरुवात केली. ज्या नगरपालिकेकडे इतके दिवस सिमेंटची गोणी नव्हती, तिने रातोरात फरशीभोवती फाटकासकट लोखंडी कठडा बसवला आणि वर दिवाही लावला. नानांची वाट पुन्हा हमरस्त्यावरून. मी साहेबांना फुटपाथ जोडण्याचं विचारलं, तर म्हणाले, "आता मध्ये देवस्थान आहे. भावनांचा प्रश्न आहे हो." मला तर तिथेच त्यांचे पाय धरावेसे वाटले, उलटं टांगायला.

परवा सकाळी अक्कांचं डोकं फिरलं. नानांना घेऊन त्या कठड्यापाशी आल्या, फाटक उघडलं आणि चपलांसकट फरशीवर उभ्या राहिल्या. बाया ओरडल्या. एकीने तर कान धरले.

"देव कसाना?" अक्का कडाडल्या. "फरशी मी टाकेल शे, शेंदूर मीच लायेल शे! बठ्ठा रस्ता शे, फक्त या नालावरच नही. चाला हो तुम्ही, या!"

मला मनापासून बरं वाटलं. म्हटलं, चला, सुटला एकदाचा प्रश्न.

नाना वॉकर टेकत फाटकापाशी आले. थांबले. कठड्याला धरून, धापा टाकत त्यांनी आधी चांगल्या पायातली चप्पल काढली, मग दुसऱ्या पायातली. हात जोडले.

"उतर खाले," ते बायकोला म्हणाले. "शेंदूर कोन्ही बी लायेल ऱ्हावो, देववर पाय कसा देऊ?"

आणि वॉकर उचलून, अनवाणीच, ते हमरस्त्यावर उतरले. अक्कांनी कपाळावर हात मारला. मग धावत त्यांच्यापुढे गेल्या आणि येणाऱ्या ट्रकला हात दाखवत रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या.