मेलेलं पाणी

वासेमाथा माझी मोठी जाऊ. तिचं निम्मं आयुष्य चुलीपुढे पाणी उकळण्यात गेलं म्हटलं, तर कुणी मला खोटं पाडणार नाही. आमच्या बेटावरच्या गावाला पाणी ओढ्याचं. वरच्या अंगाला डुकरं लोळतात, पुरात संडासाचे खड्डेही त्यातच रिकामे होतात. तिच्या धाकटीला आव पडली तेव्हा नर्सबाईंनी बजावलं, की जंतू पाण्यातून पोटात जातात, उकळल्याशिवाय थेंब प्यायचा नाही. तेव्हापासून ही बाई रोज लाकडं वाहते, पाणी उकळते, निववते, झाकून ठेवते. पोरं सुधारली.

नवरा काही सुधारेना. इनोके भाऊजी गोळ्या घेत, थोडे दिवस बरे राहत, की पुन्हा पोट धरून बसत. सासूबाईंनी हिच्या हातालाच नावं ठेवली. स्वयंपाक घाण करते, म्हणे! ही निमूट ऐकून घ्यायची. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड व्हायचा.

भाऊजी घरी उकळलेलंच पाणी पीत. पण संध्याकाळ झाली की बाप्यांची बैठक. हलकी नशा देणाऱ्या यांगोनाच्या झाडाची मुळं कुटायची, लाकडी परातीत पाण्यात कालवायची आणि करवंटीनं प्यायची. ते पाणी थेट ओढ्याचं. हे ध्यानात आलं त्या दिवशी वासेमाथा निवलेल्या पाण्याची कळशी घेऊन बैठकीत गेली. भाऊजी सगळ्यांदेखत हसले.

"ते मेलेलं पाणी आहे गं. त्यात यांगोना चढत नाही. ने परत."

ती परत आली. पुढे सांगून सांगून तिच्या जिभेला फोड यायचे तेवढे राहिले. जंतू यकृतापर्यंत गेले, आत पू झाला. शहरातल्या दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता.

मयताला गाव जमलं. चटया अंथरल्या, परात मधोमध आली. यांगोनाशिवाय आमच्यात माणूस निरोप घेत नाही. कुणीतरी बादली घेऊन ओढ्याकडे निघालं, तशी वासेमाथा उठली. घरातली कळशी आणून तिनं परातीशी ठेवली.

"आज हे घाला. मी दमले आता. परत सांगायला येणार नाही."

बादलीवाला वाटेतच थांबला. शेवटी माझ्याच नवऱ्यानं कळशी ओतली. करवंटी फिरली, सगळे प्यायले.

घरी येताना मी त्याला विचारलं, कशी चढली?

"रोजच्यासारखीच," तो म्हणाला.