सीटमधी शिवलेलं पुस्तक

पुस्तकाले माझ्याइतकं जवळ ठेवणारा माणूस आमच्या अख्ख्या नंदनवन वस्तीत सापडणार नाही. मी त्याच्यावर बसतो.

हसा. पण पुढचं मी आजपर्यंत कोनाले बोललो नाही — बायकोलेही नाही.

माझं स्कूटरच्या सीटा शिवायचं दुकान हाय. शाळा तिसरीतच सुटली. अक्षरं जुळवून वाचतो, काना-मात्रा राहिली तर राहिली. गल्लीत एक रिटायर मास्तर वाचनालय चालवतात. त्यांचा नियम — गोष्टीचं पुस्तक असंच न्या, पण माहितीचं न्यायचं तर आधी चिठ्ठीवर लिहा, यातून काय पाहिजे. चिठ्ठी पहिल्या पानाले चिकटवायची. नाहीतर म्हणे मनात असंल तेच पुस्तकात दिसते.

एक दिवस माझ्या लहान भावाच्या, गजूच्या, पिशवीत कायद्याचं जाड पुस्तक दिसलं. गजू अन् कायदा? चिठ्ठी वाचली — "जमीन. कागद कोणते लागतात?"

उमरेडजवळ बापाचं दोन एकर वावर हाय, दोघांच्या नावानं. बस, सगळं समजलं! तो हप्त्यातून दोनदा उमरेडच्या बसमधी काहून चढते? मी आलो की फोनवर हळू काहून बोलते? त्याची बायको मले पाहून तोंड काहून फिरवते?

पुस्तक उचललं, दुकानात नेलं. चोर पकडायसाठी उघडलं — तर पानापानावर जमीन, जमीन, जमीन! एवढं जाड पुस्तक, अन् सगळं माझ्याच वावरावर?

माझ्या गाडीची सीट उसवली, मधोमध फोम कापला, पुस्तक आत घातलं, शिवून टाकलं. टाके मात्र एक नंबर.

दुसऱ्या दिवशी गजू तोंड पाडून आला. "दादा, जामिनाचं पुस्तक हरवलं गा. उमरेडच्या साळ्याले पोलिसानं आत टाकलं. वकील रोज उद्या म्हणते, अन् कोणते कागद मागायचे, मले समजत नाही. तुले सांगायची लाज वाटे."

जामीन. एक काना — एवढासा काना — मी खाल्ला होता.

तुम्ही म्हणाल, वाचता येत नाही, चुकलं. पण मी ती चूक नाही सांगून राहिलो. सीट उसवायले पाच मिनटं लागतात. मी उसवली नाही. काहून? गजूनं विचारलं असतं — दादा, तुले काय वाटलं होतं? म्हणून मी त्याच्यासोबत पुस्तक शोधलं. पलंगाखाली वाकून, बॅटरी घेऊन शोधलं.

साळा तीन हप्त्यांनी सुटला. मधात त्याचा बाप गेला. मातीले तो नव्हता. पुस्तक असतं तर आधी सुटला असता का? मालूम नाही. मीच मालूम होऊ देलं नाही. गजूनं मास्तरची माफी मागितली, अन् लाजेनं वाचनालयात परत पाय ठेवला नाही.

परवा धरमपेठेत जायचं होतं. गजू मागं बसला, रस्ताभर चुळबुळ करून राहिला. उतरला, सीटवर थाप मारली, बोटानं दाबून पाहिलं. याले समजलं तर नसंल?

"दादा, मधात काय टोचते गा हे? लोकाइच्या सीटा शिवतं, अन् सोतःची अशी? कायचा कारागीर तू!"